‘पण मग’ विचारणाऱ्यांसाठी

लहानपणी मी एका काकांना विचारलं होतं, आकाश निळं का दिसतं? ते म्हणाले, समुद्राचं प्रतिबिंब पडतं म्हणून. दोन दिवसांनी त्याच काकांना विचारलं, समुद्र निळा का दिसतो? आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून. दोन्ही वेळा आवाज तितकाच ठाम. म्हणजे आकाशाने निळा रंग समुद्राकडून उसना घेतला, समुद्राने आकाशाकडून, आणि मूळ सावकार कोण याचा पत्ताच नाही.

रोजच्या विज्ञानातल्या प्रश्नांचं बऱ्याचदा असंच होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला पाठ असतं, शाळेत ते दोन मार्कांना आलेलं असतं. पण समोरच्याने ‘पण मग...’ म्हणून पुढचा प्रश्न टाकला की गाडी अडते. मजा मात्र त्या दुसऱ्या प्रश्नातच असते. पाठ केलेलं उत्तर पुष्कळदा अर्धं निघतं, कधीकधी तर साफ चुकीचं. म्हणून इथे थोडेच प्रश्न घेतो, पण प्रत्येकाला एकदा तरी ‘पण मग’ विचारून बघू.

आधी काकांचा प्रश्न. सूर्याचा प्रकाश पांढरा दिसतो, पण त्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग मिसळलेले असतात. प्रत्येक रंगाची तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाच्या लाटेची लांबी, वेगळी. तांबड्याची जास्त, निळ्याची कमी, जांभळ्याची त्याहून कमी. हा प्रकाश हवेतून येताना नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंना गाठतो. हे रेणू प्रकाशाच्या लाटेपेक्षा कितीतरी बारीक असतात, आणि इतके बारीक कण सगळ्या रंगांना सारखी वागणूक देत नाहीत. आखूड लाटेचा प्रकाश ते जास्त विखुरतात. पुस्तकात याला विकिरण म्हणतात. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये याचं गणित मांडलं: विखुरण्याचं प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. सूत्र सोडून द्या, त्याचा परिणाम लक्षात घ्या. तरंगलांबीतला फरक दीडपट असला तरी विखुरण्यातला फरक पाचपटीच्या वर जातो. त्या हिशेबाने निळा प्रकाश तांबड्याच्या जवळपास सहापट विखुरला जातो. तांबडा आपला सरळ निघून येतो, निळा मात्र हवेत सगळीकडे उधळतो. म्हणून सूर्याकडे पाठ करून बघितलं तरी आकाशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून निळा प्रकाश आपल्याकडे येत असतो.

हे शाळेतलं उत्तर, आणि बरोबरच आहे. पण मग आकाश जांभळं का नाही? जांभळ्याची लाट निळ्यापेक्षाही आखूड. तो तांबड्याच्या नऊपटीहून जास्त विखुरला जायला हवा, आणि जातोही. तरीही आकाश जांभळं दिसत नाही, याची कारणं दोन. एक म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या प्रकाशात जांभळा मुळातच निळ्यापेक्षा कमी असतो. दुसरं कारण आकाशात नाही, आपल्या डोळ्यात आहे. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. प्रत्येक रंगासाठी वेगळी पेशी नसते, तिन्ही प्रकारांच्या पेशींनी किती प्रतिसाद दिला याची गोळाबेरीज करून मेंदू रंग ठरवतो. जांभळ्या टोकाला या पेशींची संवेदनशीलता झपाट्याने कमी होते. मग आकाशातून येणाऱ्या त्या मिश्रणात थोडा जांभळा, बराच निळा आणि थोडाथोडा बाकीचा प्रकाश असताना मेंदूला त्याचा निवाडा ‘फिकट निळा’ असा मिळतो. आकाशाचा निळेपणा असा थोडा हवेत तयार होतो आणि थोडा आपल्या डोक्यात. मधमाशीला अतिनील प्रकाशही दिसतो, तेव्हा तिचं आकाश आपल्या आकाशासारखं नक्कीच नसणार.

हे घरी बघता येतं. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकून ढवळा. जास्त नको, पाणी जेमतेम गढूळ दिसायला हवं. खोलीत अंधार करा आणि पांढऱ्या उजेडाची टॉर्च ग्लासच्या एका बाजूला टेकवून लावा. ग्लासकडे आडव्या बाजूने पाहिलं तर पाण्यात निळसर झाक दिसेल. आता टॉर्चच्या बरोबर समोर जाऊन ग्लासातून तिचा उजेड बघा. तो पिवळसर-नारिंगी दिसेल. आणखी दोन थेंब टाकले की नारिंगी गडद होतो. एकाच ग्लासात दुपारही दिसते आणि संध्याकाळही.

संध्याकाळचं कोडं त्यातच सुटलं. सूर्य डोक्यावर असताना प्रकाशाला हवेचा जेवढा थर पार करावा लागतो, त्याच्या साधारण ३८ पट हवा सूर्य क्षितिजाला टेकल्यावर पार करावी लागते. एवढ्या वाटेत निळा प्रकाश उधळून संपतो आणि उरलासुरला तांबडा आपल्यापर्यंत पोहोचतो. मंगळावर नेमका उलटा प्रकार आहे. तिथली हवा अगदी विरळ आणि तीत बारीक धूळ भरलेली. त्या धुळीच्या कणांचा आकार असा, की दिवसा आकाश पिवळट-तांबूस दिसतं आणि मावळत्या सूर्याभोवती निळसर वलय दिसतं. तिथे उतरलेल्या यानांनी त्याचे फोटोच पाठवले आहेत. चंद्रावर हवाच नाही, त्यामुळे भर दिवसा, सूर्य तळपत असतानाही आकाश काळंकुट्ट.

आता राहिला समुद्र. इथे काकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. समुद्राचा गडद निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं खुद्द रॅले यांचंही मत होतं. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून त्यांना रॅलेंचं म्हणणं पटेना. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम नावाचा छोटा स्फटिक होता. विशिष्ट कोनातून बघितलं तर पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश त्याने अडवता येतो. म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब पुसून टाकून नुसतं पाणी बघता येतं. प्रतिबिंब गेल्यावर निळा रंगही जायला हवा होता. झालं उलटंच, समुद्र आणखी निळा दिसला. रंग पाण्याचाच होता. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे रामन यांनी दाखवलं. याशिवाय पाणी तांबडा प्रकाश थोडाथोडा शोषून घेतं, हेही आज आपल्याला माहीत आहे. ग्लासभर पाण्यात ते जाणवत नाही, पण पंचवीस-तीस मीटर खोलीपर्यंत तांबडा जवळपास संपलेला असतो. प्रकाश विखुरण्याच्या याच ध्यासातून १९२८ मध्ये रामन परिणामाचा शोध लागला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तर सावकार दोन निघाले, आणि दोघांचे व्यवहार वेगवेगळे.

निळ्या आकाशावर पांढरे ढग का, याचं उत्तर आता दोन वाक्यांत होईल. ढगातले पाण्याचे थेंब प्रकाशाच्या लाटेपेक्षा बरेच मोठे असतात आणि मोठे कण रंगभेद करत नाहीत. सगळे रंग सारखे उधळले की पांढरा दिसतो, आणि ढग फार जाड झाला की खालपर्यंत प्रकाशच पोहोचत नाही, म्हणून पावसाळी ढगाचं पोट काळं.

ढगाविषयीचा माझा आवडता प्रश्न वेगळा आहे. ढगाचं वजन किती? उन्हाळी दिवसात दिसणारा कापसाच्या गोळ्यासारखा साधा ढग घ्या, लांबी, रुंदी, उंची एकेक किलोमीटर. अशा ढगात दर घनमीटरला साधारण अर्धा ग्रॅम पाणी असतं. एका घन किलोमीटरमध्ये १०० कोटी घनमीटर. हिशेब केला की ५०० टन पाणी होतं. शंभर मोठे हत्ती डोक्यावर तरंगताहेत म्हणा ना.

पण मग ते पडत का नाहीत? इथे हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, ‘ढग म्हणजे वाफ, आणि वाफ हलकी असते.’ हे चूक आहे. पाण्याची वाफ दिसतच नाही. खात्री करायची असेल तर पाणी खळखळ उकळत असलेल्या किटलीच्या तोटीकडे नीट बघा. तोटीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा मोकळी, पारदर्शक दिसते, आणि त्याच्या पुढे पांढरा धूर सुरू होतो. खरी वाफ त्या मोकळ्या जागेत असते. (तिथे बोट घालून तपासू नका, तीच जागा सगळ्यात जास्त भाजते.) पुढचा पांढरा धूर म्हणजे वाफ गार होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. ढगही तसाच. तो वाफेचा नसतो, द्रव पाण्याच्या थेंबांचा असतो, आणि फार उंचावरचा असेल तर बर्फाच्या कणांचा.

तर प्रश्न उरतोच. पाणी हवेपेक्षा शेकडो पट जड, मग ते वर राहतं कसं? खरं म्हणजे ते पडत असतं, फक्त फार हळू. ढगातला थेंब साधारण ०.०२ मिलिमीटर जाडीचा, केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. इतक्या लहान थेंबाला हवेचा अडथळा एवढा होतो, की तो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली सरकतो. या चालीने एक किलोमीटर उतरायला त्याला जवळपास अख्खा दिवस लागेल. आणि तेवढा वेळ त्याला मिळत नाही. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा त्याला त्याहून जास्त वेगाने वर ढकलत असते, आणि यातूनही जो ढगाच्या तळाखाली घसरतो तो कोरड्या हवेत विरून जातो. ढगाचा तळ अनेकदा पट्टीने आखल्यासारखा सपाट का दिसतो, तेही यातून कळतं. त्या उंचीच्या खाली थेंब टिकतच नाहीत.

आणि ५०० टनांचा बाऊही थोडा कमी करायला हवा. त्याच एक घन किलोमीटरमधल्या हवेचं वजन सुमारे १० लाख टन असतं. हवेला आपण उगाच ‘काही नाही’ समजतो. त्या दहा लाखांपुढे पाचशे म्हणजे दोन हजारांतला एक भाग. एवढं पाणी वर चढणाऱ्या हवेबरोबर सहज वाहून जातं, जसे झोतातल्या उन्हात धुळीचे कण तरंगताना दिसतात.

पाऊस पडायचा तर या थेंबांनी एकत्र यायला हवं. दोन मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब तयार व्हायला ढगातले १० लाख थेंब लागतात. तो खाली येतो तेव्हा चित्रातल्यासारखा टोकदार शेपटीचाही नसतो. छोटे थेंब गोल असतात, मोठे थेंब खालून हवेच्या दाबाने चपटे होतात आणि पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेले की फुटतात. टोकदार थेंब नळाला लोंबकळताना दिसतो तेवढाच, पण चित्रकारांनी तो आकाशात नेला आणि आता तो परत यायला तयार नाही.

पहिला पाऊस पडल्यावर मातीचा वास येतो, त्याला १९६४ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. त्या वासातला मोठा वाटा जिओस्मिन या रसायनाचा. ते मातीतले स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जिवाणू तयार करतात. आपलं नाक या बाबतीत भलतंच तिखट आहे, हजार अब्ज कणांत पाच-दहा कण जिओस्मिनचे असले तरी त्याला पत्ता लागतो. पण मग जिवाणूंनी वास सोडायचं कारण काय, ते काही आपल्याला खूश करायला बसलेले नाहीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की स्प्रिंगटेल नावाचे मातीतले मिलिमीटरभर जीव या वासाकडे ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून दुसरीकडे पसरवतात. जाहिरात त्यांच्यासाठी आहे. आपण फुकटे प्रेक्षक.

आता आभाळातून जरा घरात येऊ. सकाळी खोलीतल्या स्टीलच्या भांड्याला एक हात लावा आणि लाकडी टेबलाला दुसरा. भांडं गार लागेल, लाकूड नाही. पाठ केलेलं उत्तर, ‘धातू थंड असतो.’ पण मग रात्रभर एकाच खोलीत असलेल्या दोन वस्तूंचं तापमान वेगळं कसं? ते वेगळं नसतंच. थर्मामीटर लावला तर दोन्हीकडे आकडा सारखाच. गफलत हाताची आहे. आपली त्वचा वस्तूचं तापमान मोजत नाही, त्वचेतून उष्णता किती वेगाने जाते-येते ते सांगते. हात खोलीपेक्षा गरम असतो. धातू ती उष्णता पटकन ओढून आतवर पसरवतो, लाकूड ती जागच्या जागी राहू देतं.

याची पक्की परीक्षा बर्फाच्या दोन सारख्या खड्यांनी होते. एक जाड धातूच्या तव्यावर ठेवा, दुसरा लाकडी पाटावर, आणि बघणाऱ्यांना आधी विचारा, कोणता लवकर वितळेल. तव्याला हात लावून बघितलेले लोक छातीठोकपणे सांगतात, लाकडावरचा, कारण तवा गार आहे. मग तव्यावरचा बर्फ डोळ्यांदेखत पाणी होऊ लागतो. खोलीच्या तापमानाचा तवा बर्फापेक्षा गरमच असतो, आणि ती उष्णता बर्फाकडे भराभर पाठवतो. हाताला गार लागलं ते ज्या गुणामुळे, त्याच गुणामुळे बर्फ वितळतो. ब्लँकेटचंही तेच. ते ऊब देत नाही, आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही. बर्फाच्या लादीवर टाकलंत तर बर्फ जास्त वेळ टिकेल.

पंखाही हवा गार करत नाही. बंद खोलीत पंखा चालू ठेवला तर मोटरच्या उष्णतेने खोली कणभर गरमच होईल. तो फक्त आपल्या अंगाजवळची दमट हवा हटवतो, मग घाम लवकर वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. रिकाम्या खोलीतला चालू पंखा म्हणजे नुसता विजेचा खर्च.

पाण्यात बराच वेळ हात राहिला की बोटं सुरकुततात, हा प्रश्न मला स्वतःला बरीच वर्षं सुटल्यासारखा वाटत होता. त्वचा पाणी शोषून फुगते आणि जागा न पुरल्याने वळ्या पडतात, असं मी कितीतरी जणांना सांगितलंय. पण मग सगळं अंग पाण्यात असताना सुरकुत्या फक्त बोटांना आणि तळव्यांनाच का? आणि त्याहून अडचणीची गोष्ट अशी, की हाताच्या नसेला इजा झालेल्या रुग्णांची त्या भागातली बोटं पाण्यात ठेवली तरी सुरकुतत नाहीत. डॉक्टरांनी हे १९३० च्या दशकातच नोंदवलं होतं. नुसतं पाणी शोषण्याचा मामला असता तर नसेचा संबंध काय?

खरा प्रकार असा आहे: पाच-दहा मिनिटं पाण्यात गेल्यावर मज्जासंस्थेकडून हुकूम सुटतो आणि बोटांच्या टोकाशी असलेल्या रक्तवाहिन्या आकसतात. आतला मऊ भाग लहान होतो, वरची त्वचा आहे तेवढीच राहते, म्हणून तिला वळ्या पडतात. त्वचा फुगत नाही, आतला भाग आकसतो. शरीर हे मुद्दाम करतं, म्हणजे त्याचा काही उपयोग असावा, असा तर्क निघाला. ओल्या रस्त्यावर टायरच्या नक्षीतून पाणी निघून जातं आणि पकड राहते, तशी ओल्या वस्तूंवर बोटांची पकड सुधारत असेल. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या खरोखरच लवकर हलवता आल्या. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तसाच प्रयोग केला, त्यांना फरक दिसला नाही. नंतरच्या काही प्रयोगांनी पुन्हा पकडीच्या बाजूने कौल दिला. नसेचा भाग पक्का आहे, उपयोगाचा भाग अजून वादात आहे. नस ठीक आहे की नाही हे बघायला डॉक्टर या सुरकुत्यांचा उपयोग करून घेतात, तो मात्र बिनवादाचा.

शेवटचा प्रश्न चंद्राचा. उगवताना तो केवढा मोठा दिसतो आणि डोक्यावर आला की केवढासा. ‘क्षितिजाजवळची हवा भिंगासारखं काम करते,’ हे उत्तर मी अगदी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलंय. चंद्र उगवताना हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटा आणि करंगळीचं नख त्याच्यावर धरा. अख्खा चंद्र झाकला जाईल. चार तासांनी तो वर आल्यावर पुन्हा तसंच करा. तेवढंच नख, तेवढाच चंद्र. दोन्ही वेळी तो आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचीच जागा व्यापतो. काटेकोर मोजलं तर क्षितिजावरचा चंद्र किंचित लहान भरतो, कारण तेव्हा तो आपल्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येएवढा, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर, जास्त लांब असतो. हवा त्याला वर-खाली थोडा चपटा करते, मोठा करत नाही.

म्हणजे मोठेपणा मेंदूत आहे. बरं, मेंदू असं का करतो? एक मत असं, की क्षितिजाकडे झाडं, घरं, डोंगर दिसत असल्याने मेंदू चंद्राला ‘फार लांबचा’ समजतो. आणि इतक्या लांब असूनही डोळ्यात तेवढंच चित्र पडतंय, म्हणजे वस्तू प्रचंड असणार, असा हिशेब करतो. ऐकायला पटतं. कागदाची सुरळी करून तिच्यातून फक्त चंद्र बघितला, आजूबाजूचं सगळं झाकलं, तर तो पुष्कळांना लगेच लहान दिसतो, तेही याला धरून आहे. आणखी एक प्रकार आहे, पण आजूबाजूला कोणी नसताना करावा: चंद्राकडे पाठ करून ओणवं व्हायचं आणि दोन पायांमधून उलटं बघायचं. झाडं, घरं, डोंगर सगळं समोर आहे, तरीही चंद्र एकदम आक्रसतो.

पण मग पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळवीरांनाही क्षितिजाजवळचा चंद्र मोठा भासतो, त्याचं काय? त्यांच्यासमोर ना झाडं, ना घरं, ना डोंगर.